ताई काय म्हणाली

ताई जन्मापासून बहिरी. जबलपूरच्या ज्या मूकबधिर शाळेत ती शिकली, तिथल्या वर्धापनदिनाचं बोलावणं मागच्या हिवाळ्यात आलं. जुन्या विद्यार्थ्यांचा सत्कार होता. ताईनं ठेवणीतली साडी काढली आणि खुणेनं मला सांगितलं, तू पण चल, मला बोलायचं आहे.

तिच्या वेळी त्या शाळेत हातांनी बोलायला बंदी होती. ओठ वाचायचे, गळ्यातून आवाज काढायचा. खुणा करताना दिसलं की बाई बोटांवर पट्टी मारायच्या. एकदा तर त्यांनी ताईचे हात दिवसभर मागे बांधून ठेवले. घरी येऊन तिनं मनगटं दाखवली, तर आई म्हणाली, "काहून हात हलवत होतीस? बाई तुझ्या भल्याचंच करून राहिल्या ना." बाबा फॅक्टरीतून आले, त्यांनीही मनगटं पाहिली आणि हातपाय धुवायला गेले.

समारंभात मंडप भरला होता. शाळेच्या उज्ज्वल इतिहासावर भाषणांमागून भाषणं झाली, पण ती खुणांनी सांगायला कोणालाच नेमलं नव्हतं. पिकल्या केसांचे माजी विद्यार्थी मागच्या रांगांत आपसात हातांनी बोलत बसले. प्रमुख पाहुणे म्हणाले, "इस संस्था ने बेज़ुबानों को ज़ुबान दी है।"

मग ताईला मंचावर बोलावलं, सोबत मीही गेले. शाल घातली, नारळ दिला. सूत्रसंचालक माईक पुढे करून म्हणाला, "दीदी, बस एक बार नमस्ते बोल दीजिए."

ताईनं नारळ माझ्याकडे दिला, माईक बाजूला सारला आणि हातांनी बोलायला लागली. इथे माझे हात बांधले होते. कोणी कधी माफी मागितली नाही. आज मागा.

मागच्या रांगांतले सगळे हात वर झाले.

"क्या कह रही हैं?" सूत्रसंचालकानं मला विचारलं.

त्याच बाई मंचावर चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या, गळ्यात हार. मी म्हणाले, "कह रही हैं, आज जो कुछ हूँ, इसी स्कूल की वजह से हूँ।"

टाळ्या पडल्या. ताई माझ्या ओठांकडे बघत होती. ओठ वाचायला तिला शाळेनं चांगलं शिकवलं होतं.

म्हातारीची दया आली, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे भरल्या मंडपात मला लाज वाटली. आईसारखीच.

अधारतालला घरी परतताना रिक्षात मी खुणेनं विचारलं, रागावलीस? तिनं डोळे मिटून घेतले. बहिऱ्या माणसानं डोळे मिटले की पुढे बोलता येत नाही.

महिन्याभरानं स्मरणिका आली. ताईच्या फोटोखाली माझं वाक्य तिच्या नावानं छापलं होतं. तिनं ते वाचलं, पान उलटलं.

पूर्वी बँकेत, दवाखान्यात ती मला सोबत न्यायची. आता वहीत लिहून नेते, एकटीच जाते.