भिंत दोन फूट आत

आमच्या फाटकाबाहेर एक जांभूळ आहे. डोंबिवली पूर्वेला आम्ही राहायला आलो तेव्हा ते माझ्या खांद्याएवढं होतं. आता ते तिसऱ्या मजल्यावर, आमच्या गॅलरीत फांद्या घालून बसलं आहे. मधल्या काळात मी फक्त आडवा वाढलो.

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई वॉकर घेऊन चालते. लिफ्टने खाली यायची, फाटकापर्यंत जायची आणि तिथून परत फिरायची, कारण पुढे जांभळाच्या मुळांनी फुटपाथच्या लाद्या उचलून ठेवल्या होत्या. कोपऱ्यावरची भाजीवाली फाटकातून दिसायची, पण तिच्यापर्यंत पोहोचता येत नव्हतं. भाजी मी आणायचो आणि रोज नापास व्हायचो. "ही गवार आहे की सुतळी?" आईला एवढंच हवं होतं, की कोणालाही बरोबर न घेता जावं आणि आपल्या हाताने भाजी निवडावी.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत रस्ता काँक्रीटचा करायचं काम आलं, आणि त्याबरोबर नवा फुटपाथ. झाडावर नोटीस लागली: कामात अडथळा असल्याने झाड तोडण्याचा प्रस्ताव आहे, हरकत असल्यास कळवावी.

घरात लगेच दोन पक्ष पडले. बायको झाडाच्या बाजूची. "तोडू दे, मग कळेल. शीळफाट्याच्या रस्त्यावरची झाडं तोडली, आता तिथे सावली उरलीय ती फक्त होर्डिंगची."

"अगं, सावली हवी तर छत्री घे," आई म्हणाली. "मला चालायला जागा हवी. आणि ते मेलं जूनमध्ये सगळा फुटपाथ जांभळा करतं. त्यावरून घसरले तर दुसरा खुबाही बदलायला लागेल."

दोघींचंही मला पटत होतं. अशा वेळी मी टेप काढतो. फुटपाथलगतच्या भिंतीपासून खोडापर्यंत अंतर भरलं अडीच फूट. वॉकर दोन फुटांचा. म्हणजे सहा इंच शिल्लक! मी विजयी मुद्रेने पालिकेच्या इंजिनिअर मुलीला गाठलं आणि झाड ठेवूनही फुटपाथ होतो हे सांगितलं. ती हसली. "काका, कागदावर होतो. आजींना एकदा चालवून बघा ना."

संध्याकाळी त्या मुलीसमोरच मी आणि बायकोने आईला खाली आणलं. उचकटलेल्या लाद्या तोवर मजुरांनी काढून टाकल्या होत्या आणि जमीन सपाट केली होती. मी म्हणालो, "चल, बिनधास्त." ती निघाली आणि झाडापाशी वॉकर खटकन अडकला. मी मोजलं होतं छातीच्या उंचीवर. खाली बुंधा हत्तीच्या पायासारखा पसरलेला, त्यातून एक जाड मूळ भिंतीच्या दिशेने आलेलं.

"अरे, तुझं झाड छातीपाशी बारीक असेल," आई म्हणाली, "माझे पाय खाली आहेत."

बायकोने तोंडाला पदर लावला. इंजिनिअर मुलगी फोन बघू लागली. आई मात्र मागे सरली नाही. तिने वॉकरवरचा एक हात सोडला आणि शेजारच्या भिंतीवर थाप मारली. "ही कोणाची?"

"आपल्या सोसायटीची."

"मग घ्या की आत."

मी सगळं मोजलं होतं, भिंत सोडून. ती हलू शकते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती मुलगी म्हणाली, सोसायटीने लेखी संमती दिली तर झाडापुरती भिंत दोन फूट आत वळवता येईल, फुटपाथही तसाच वळेल आणि मुळांभोवतीची माती उघडी ठेवता येईल.

प्रश्न एवढाच होता की भिंतीच्या आत त्याच जागी माझी स्कूटर उभी असते.

सोसायटीच्या सभेत जागा द्यायची म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे बदलले. डोंबिवलीत चौरस फुटाचा विषय निघाला की हसरा माणूससुद्धा गंभीर होतो. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "आमची हरकत नाही हो. पण पार्किंग तुमचं जातंय." मी आकृती काढून आणली होती. सगळ्यांनी आपापल्या स्कूटर तिरक्या लावल्या तर माझीही बसते, हे मी समजावू लागलो. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "साहेब, सोमवारी तिरकी लावू. मंगळवारपासून काय होईल ते तुम्हालाही माहीत आहे."

"अहो," मागून बायको हळूच म्हणाली, "जागा आईंना हवी की स्कूटरला?"

आकृती घडी करून मी खिशात घातली. संमतीवर पहिली सही माझी झाली. स्कूटर आता पाण्याच्या टाकीमागे असते आणि ती काढायला आधी दोन सायकली हलवाव्या लागतात.

भिंत वळली, फुटपाथ वळला. पावसाच्या आधी एका सकाळी आईने पिशवी वॉकरला अडकवली. "कोणी खाली यायचं नाही. गॅलरीतूनही बघायचं नाही."

मी गॅलरीतून बघत होतो. जाताना ती त्या वळणावरून न अडखळता गेली. भाजीवालीशी बराच वेळ घासाघीस चालली; आवाज नव्हता येत, पण हात दिसत होते. परत येताना मात्र ती झाडाआड गेली आणि बाहेरच येईना. पाच मिनिटं मी कसाबसा थांबलो, मग चप्पल शोधू लागलो. तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं.

पिशवीत कोवळी गवार होती. आईची जीभ जांभळी होती.

"खाली पडलेली नाही खाल्ली," मी विचारायच्या आधीच ती म्हणाली. "हाताला येईल अशी एक फांदी आहे. झाड बरं आहे तसं." गवार तिने माझ्यासमोर मोडून दाखवली, टच्‌कन. "आता ऐक. पुढच्या चौकापाशी गटाराचं झाकण वर आलंय. मला बँकेपर्यंत जायचंय. उद्या टेप घेऊन चल, आणि या वेळी खालून मोज."