आई गोष्ट विसरली नव्हती

माझ्या आईला दाराजवळ, प्राध्यापकांच्या चपलांशेजारी बसवले होते. आणीबाणीच्या आदल्या वर्षीचे, सांगलीच्या एका महाविद्यालयातले चर्चासत्र. ‘परीकथांची आधुनिक पुनर्कथने’ हा माझ्या प्रबंधाचा विषय. मूळ कथा आईच्या तोंडून ऐकवावी, ही माझ्या मार्गदर्शकांचीच सूचना. पलूसच्या मांगवाड्यातून ती पहिल्या एस्टीने आली होती.

केरसुण्या बांधणाऱ्याच्या लेकीची गोष्ट तिने सुरू केली. चार वाक्ये झाली आणि थांबली. आमच्याकडे ऐकणाऱ्याने ‘हूं’ म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही. समोर बारा विद्वान. गप्प.

“आवं, हूं म्हना की सायेब. कुनी ऐकतंय का न्हाई, मला कसं कळायचं?”

मार्गदर्शक माझ्याकडे वळले. “मांगवाड्याला आता आम्ही हुंकार द्यायचा का हो?”

सगळे हसले. मी गप्प राहिलो. प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती. हे मी लपवत नाही.

आई उठून गेली.

या मार्गदर्शक सरांच्या गौरवग्रंथात त्यांच्या एका शिष्याने लिहिले आहे, की म्हातारी गोष्ट विसरली आणि सरांनी मोठ्या मनाने ती पुरी केली. साफ खोटे. आई गेल्यावर सरांनी सांगितली ती त्यांच्या स्वतःच्या बालपुस्तकातली गोष्ट. तिच्यात ती पोर शेवटी हरवलेली राजकन्या निघते. आईच्या गोष्टीत ती केरसुण्या बांधणाऱ्याचीच लेक राहते आणि राजाला अंगण झाडायला लावते. हा फरक म्हणजेच माझा प्रबंध होता.

स्टँडवर आई एवढेच म्हणाली, “त्यांचं जाऊ दे. तू का गप बसलास रं?”

त्यानंतर तिने कोणालाच गोष्ट सांगितली नाही. मी पाया पडलो, तरी नाही. सगळ्या गोष्टी तिच्याबरोबर सरणावर गेल्या.

चर्चासत्राच्या दुसऱ्या दिवशी सरांनी प्रबंधातल्या, आईच्या गोष्टीवरच्या प्रकरणाच्या समासात लाल शाईने लिहिले : ‘निवेदिकेची स्मृती क्षीण. छापील पाठ प्रमाण मानावा.’

“एवढे घाला, आजच सही करतो.”

“हे मी लिहिणार नाही, सर.”

प्रबंध उचलून बाहेर पडलो. पदवी मिळाली नाही. साताऱ्याच्या शाळेत मराठी शिकवत निवृत्त झालो.

आता गौरवग्रंथात लिहिणारा तोच शिष्य प्रबंध छापायला मागतो. अट एकच, ते प्रकरण गाळायचे. वाद जुना झाला, म्हणतो. माझ्यासाठी झालेला नाही. छापायचा तर ते प्रकरण पहिले घ्या, सरांच्या नावासकट आणि माझ्या गप्प बसण्यासकट. नाहीतर ते कागद माझ्याबरोबर जळतील.