साडूचा वाटा

वीजकेंद्राच्या चिमणीतला धूर पिशवीत भरणं हे त्याचं काम. म्हणून सगळे त्याला धूरवाला म्हणत. भट्टीत आता कोळशाबरोबर भुशाच्या कांड्याही जळत. धूर मात्र एकच. त्यात कोळसा किती नि भुसा किती, हे डोळ्यांना कळत नाही. कोळसा इतका जुना, की त्यातला किरणोत्सारी कार्बन केव्हाच विझलेला. कालपरवाच्या भुशात तो अजून जिवंत. प्रयोगशाळा तो मोजते नि भुशाचा वाटा सांगते.

भुशाचा विभाग धूरवाल्याने मागितला होता. मिळाला धाकट्या साडूला. भुशाचा वाटा पाचवा हिस्सा निघाला, तर साडू तिथला साहेब होणार होता. मेव्हणीने पडद्यांचं कापडसुद्धा पाहून ठेवलेलं. बायको वाढताना म्हणाली, "भाऊजींचं नशीब आता तुमच्याच पिशवीत." त्याने अर्धं ताट तसंच सारलं.

नमुना दिवसभर सावकाश ओढायचा असतो. त्या सकाळी भट्टीकडे भुसा नेणारा पट्टा अडकला, साडू घामाघूम होऊन त्याखाली शिरला. धूरवाल्याने वरच्या मचाणावरून ते पाहिलं आणि धूर ओढणारा पंप पूर्ण सोडला. पट्टा हलेपर्यंत पिशवी फुगली होती. आत जवळजवळ नुसता कोळशाचा धूर.

निकाल आला: शंभरात सहा. केंद्राच्या मोठ्या साहेबांनी साडूला सगळ्यांदेखत झापलं. तो तोंड पाडून धूरवाल्याकडेच आला.

"दादा, तुमचा हात चुकायचा नाही. माझाच भुसा ओला असणार."

धूरवाल्याने त्याला चहा पाजला. स्वतःलाही घेतला, बिनसाखरेचा असून गोड लागला.

साडू महिनाभर भुसा वाळवत राहिला, पट्ट्याचे रूळ बदलत राहिला. दुसऱ्या नमुन्याला तर तो पंपाशेजारीच बसला, शिकायचं म्हणून. धूरवाल्याला काही करता येईना. शंभरात एकवीस.

पहिल्यांदाच एकवीस आले असते, तर कुणी मान वर करून पाहिलं नसतं. आता मोठे साहेब ज्याला त्याला सांगत होते, सहाचे एकवीस केले पठ्ठ्याने. साडू भुशाचा साहेब झाला, आणि बढतीबरोबर धुराची तपासणीही त्याच्याच हाताखाली आली.

बायकोच्या तोंडी संध्याकाळभर तेच. "सहावर होते हो बिचारे. तिथून वर आले."

"सहावर नव्हताच तो," त्याच्या तोंडून निघून गेलं.

तिचा हात थांबला. "म्हणजे?"

त्याने पाणी मागितलं. ती उठली नाही.