ओ न देणारा पट्टा

आधी मोहफुलांचा वास येतो आणि मग उजाडतं, असं सालेकशाच्या रानाकडेच्या माझ्या आईच्या घरी मला नेहमी वाटतं. गोड, किंचित आंबूस, अंगणभर रेंगाळणारा तो गंध! झाडांच्या आकृती अजून धूसर असतात, तोच रानातून बायकांच्या हाका ऐकू येतात. मोहावर अस्वलंही येतात. म्हणून वेचणाऱ्या बायका अधूनमधून एकमेकींना हाक मारतात, आणि जिला हाक आली तिने ओ द्यायचीच. ओ आली नाही, की टोपल्या टाकून साऱ्या तिकडे धावतात.

गेल्या हिवाळ्यात आई चक्कर येऊन पडली. काळजाचे ठोके चुकतात, असं निदान झालं, आणि गोंदियाच्या डॉक्टरांनी तिच्या मनगटावर एक काळा पट्टा चढवला. ठोके तो मोजणार आणि माझ्या मोबाइलवर, दवाखान्याच्या पडद्यावर धाडणार. मी इकडे गोंदियात, ती तिथे एकटी. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. पण मन मेलं शंकेखोर! माझ्या आईची स्पंदनं आता कुणाकुणाच्या नजरेखालून जातात? त्या पडद्यापुढे खरंच कुणी बसलेलं असतं, की रिकाम्या खुर्चीसमोर नुसता दिवा लुकलुकत राहतो?

मोहाचा हंगाम आला आणि आईने पट्टा खुंटीला टांगला. कारण ऐकून मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. पट्टा थरथरला, की ती त्याला हाक समजून ओ देत होती! "मी ओ देऊन राहिली, पर हा काई बोलत नाई. अशा मुक्याले रानात कायले नेऊ?" मी समजावलं, रागावले, रडलेसुद्धा. शेवटी तिने अट घातली: पट्टा बांधीन, पण रानात जायच्या आधी रोज तू फोनवर हाक मारायची. यंत्राला माणूस नाकारतो तो अडाणीपणाने, असं म्हणणारे शहाणे पुष्कळ भेटतात. पलीकडे कुणी आहे का, एवढंच तर ती विचारत होती.

आज सकाळी हाक मारली. ओ आली नाही. पुन्हा फोन लावला, नुसतीच घंटी. मोबाइलच्या पडद्यावर तिचे ठोके हिरव्या आकड्यांत अगदी सुरळीत चालले होते, आणि मी चप्पल घालून दारात उभी होते. तिसऱ्यांदा तिने फोन उचलला, विहिरीवर गेली होती म्हणे. "ओ!" ती म्हणाली. गोंदियाच्या माझ्या बंद खोलीत मला क्षणभर मोहाचा वास आला.

चप्पल काढायला मात्र बराच वेळ लागला.