हिवऱ्याची नववी चिठ्ठी

रश्मी सिरसाटला एका जागी बसवत नसे. शिकवताना फळ्यापासून खिडकीपर्यंत तिच्या येरझारा चालत. अकोल्याच्या तिच्या कॉलेजातली पोरं म्हणत, "मॅडमचा तास अर्धा गणिताचा, अर्धा शतपावलीचा." वय चौतीस. कोणी लग्नाचं विचारलं की ती म्हणे, "आधी पीएच.डी. होऊ द्या." आणि पीएच.डी.चं विचारलं की पाणी प्यायला उठून जाई.

नऊ वर्षं ती एकाच प्रश्नामागे होती. पत्ते पिसावेत तसं एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा मिसळत गेलं, तर तिचा आधीचा क्रम नेमका कधी पुसला जातो? ऐकायला पोरखेळ, पण त्याच्या पोटात ग्रुप थिअरी होती आणि संभाव्यताही. दर रविवारी सकाळच्या एसटीनं ती अमरावतीला जाई. तिथे राजापेठेत तिचे मार्गदर्शक चंद्रभान सर राहत. सर म्हणत, "एकदा पिसणं ही एक क्रिया समज. हल्ली लोक असल्या क्रियांकडे ऑपरेटर अल्जिब्राच्या, म्हणजे क्रियांच्याच बीजगणिताच्या, बाजूनं बघतात, तूही बघ. आणि एक लक्षात ठेव, पहिल्या दोन-तीन वेळा पिसून जवळपास काहीच पुसलं जात नाही. क्रम फार चिवट. मग एका टप्प्यावर तो एकदम जातो." तो टप्पा तिच्या प्रकारच्या मिसळणीत कुठे येतो, एवढंच तिला सिद्ध करायचं होतं. वही भरत आली की सिद्धता कुठेतरी मोडायची, आणि रश्मी नवी वही आणायची.

तिचा थोरला भाऊ संघपाल पातूरच्या बाजूला, हिवऱ्याला, पाच एकर कोरडवाहू करी. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोज पेपरात येण्याचे ते दिवस होते. योजना भराभर निघत. तालुक्याला चाळीस विहिरी आल्या आणि अर्ज आले चारशे ऐंशी, तेव्हा चिठ्ठ्या टाकून सोडत काढायचं ठरलं. विहीर मिळाली तर संघपाल गावात राहणार होता. नाही तर बायको-लेकरांना घेऊन सुरतेला जायचं, हे त्याचं ठरलेलं होतं. मग आई, मनकर्णाबाई, हिवऱ्यात एकटी पडणार होती. सोडतीच्या दिवशी तिनंच लेकीला फोन करून बजावलं, "भावासंगं जाय. तुले आकडे समजते."

गुरुवार, २२ फेब्रुवारी २००७. सकाळी अकराला तहसिलीचा हॉल माणसांनी भरून गेला होता.

कारकून मोहसीन सरळ माणूस. तीन दिवस बसून त्यानं सगळ्या चिठ्ठ्या एकसारख्या गुंडाळल्या होत्या. कोणी बोट दाखवू नये म्हणून त्यानं सगळ्यांसमोर, यादी मोठ्यानं वाचत, एकेका गावाच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या पिंपात टाकल्या. बारा गावं, प्रत्येकी चाळीस अर्ज. यादी अक्षरांच्या क्रमानं, म्हणजे आधी आडगाव आणि सगळ्यात शेवटी सावरगाव नि हिवरा. मग शिपाई नत्थुजींनी मूठ धरून पिंप फिरवलं. एक, दोन, तीन.

"तीनदाच?" रश्मीनं विचारलं.

"दरसाली तीनदाच फिरवतो बाई," नत्थुजी म्हणाले. "अजून कोणाची तक्रार नाही."

डोळ्यांना रुमाल बांधलेल्या अंगणवाडीच्या सुंदराबाईंनी चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. नववी चिठ्ठी वाचली गेली, "संघपाल देवमन सिरसाट, हिवरा!" संघपालनं बहिणीचा हात इतका जोरात दाबला की बांगडी वाढवली. मागे वळून त्यानं पाच-सहा जणांना चहा सांगितला. रश्मीनं मात्र एसटीच्या तिकिटाच्या पाठीवर गावागणिक रेघा ओढायला घेतल्या होत्या. चाळीस चिठ्ठ्या झाल्या तेव्हा तिनं रेघा मोजल्या. सावरगाव आणि हिवरा मिळून तेवीस. सहा-सात यायला हव्या होत्या. यादीतल्या पहिल्या तीन गावांना मिळून एक.

ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली. पुन्हा मोजलं. तेवीसच.

मोहसीन पंचनामा घेऊन तिच्यापाशी आला. "मॅडम, तुमी शिकलेल्या. पंच म्हणून सही करा."

"माझ्या भावाचं नाव निघालंय, मोहसीनभाई."

"इथं कोणाचं कोणी नाही? करा."

कागदावर लिहिलं होतं, 'चिठ्ठ्या पूर्णपणे मिसळून सोडत काढण्यात आली.' रश्मीचं पेन त्या ओळीवरच थांबलं.

"सही कर ना," संघपाल कानाशी म्हणाला. "तुयं काय जाते?"

"दादा, त्या मिसळल्याच नव्हत्या. शेवटी टाकल्या त्याच वर राहिल्या."

"रश्मे, गप."

"आडगाववाल्यांच्या तळाशीच राहिल्या रे."

तिनं तिकीट मोहसीनसमोर धरलं. तो रेघांकडे बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला. "अल्लाकसम मॅडम, मी एक चिठ्ठी इकडची तिकडं केली नाही."

"तुम्ही काहीच चुकीचं केलं नाही. पिंप कमी फिरलं."

बोलणं हॉलभर पसरलं. सावरगावचा एक जण ओरडला, "हरलेल्यायनं बोंबलावं, हे जितलेली काहून बोंबलून राहिली?"

"मंग कितीदा फिरवू?" मोहसीन कळवळून म्हणाला. "तुमी आकडा सांगा. वीस? पन्नास?"

रश्मीनं तोंड उघडलं. पत्त्यांचा जोड असता तर तिनं सांगितलं असतं. पत्र्याच्या पिंपात गुंडाळलेल्या चारशे ऐंशी चिठ्ठ्यांचं तिला सांगता येईना. "माहीत नाही," ती म्हणाली.

हॉल हसला. "अन याच्यातच पीएच.डी. करून राहिली म्हणे!"

नायब तहसीलदारांनी तिकीट मागून घेतलं, दोनदा पाहिलं आणि सोडत रद्द केली. चिठ्ठ्या सतरंजीवर ओतल्या गेल्या. हरलेले आणि जिंकलेले, सगळे भोवती उकिडवे बसून वीस मिनिटं दोन्ही हातांनी त्या कालवत राहिले. संघपाल तेवढा भिंतीला टेकून उभा होता.

दुसऱ्या सोडतीत आडगावच्या माणिकबाईंना तीनदा हाक मारावी लागली. आपलं नाव निघू शकतं, हेच त्यांच्या ध्यानात नव्हतं. सावरगाव-हिवऱ्याला मिळून आठ विहिरी गेल्या. त्या आठांत संघपाल नव्हता. रश्मीनं पंचनाम्यातलं 'पूर्णपणे' खोडलं, तिथे 'वीस मिनिटे हाताने' असं लिहिलं आणि सही केली.

ती अकोल्याच्या गाडीकडे न जाता भावामागून हिवऱ्याच्या गाडीत चढली. अर्धा रस्ता सरला. तेव्हा बाहेर बघतच संघपालनं विचारलं, "आता तरी बरोबर मिसळलं व्हतं ना?"

"बहुतेक."

"बहुतेक!" तो म्हणाला. "बहुतेकसाठी तू माही विहीर देल्ली."

हिवऱ्याचा फाटा जवळ आला, तसं त्यानं पिशवी मांडीवर घेतली.

"आईले कोण सांगते?"

"मी सांगते."

"सांग." कंडक्टरनं घंटी मारली. उतरता उतरता तो म्हणाला, "अन सुरतेची गाडी अकोल्यावरून कितीले हाय, तेवढं पाहून ठेव."