पथ्याच्या जेवणाचा आग्रह

सासूबाईंना आम्ही मिरजेहून चेन्नईला आणलं आणि इस्पितळात दाखल केलं, तेव्हा डॉक्टरांनी एकच गोष्ट निक्षून सांगितली. पोटातली गाठ काढायचीच आहे, पण अंगात ताकद नाही. या वजनावर मी ऑपरेशन करणार नाही. आधी खाऊ घाला, वजन जरा चढू द्या, आणि फार उशीरही करू नका. वर अट अशी, की बाहेरचं अन्न पूर्ण बंद. घरचा डबा नाही, चिरलेलं फळ नाही, देवाचा प्रसादसुद्धा नाही. जे काय खायचं ते इस्पितळाच्या स्वयंपाकघरातलं.

मी तेव्हा चेन्नईतच, शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. सुट्टी टाकली आणि दिवसभर आईंजवळ बसायला लागले. नवरा संध्याकाळी त्याच्या कारखान्यातून परस्पर यायचा, मग मी वेलचेरीला घरी जायचे. दोघांचा एकमेकांना रोजचा एकच प्रश्न: "काही खाल्लं का?" आणि रोजचं एकच उत्तर: "चार घास." वजनाचा काटा काही हलेना. आईंना विचारावं तर म्हणायच्या, "चांगलं असतं गं जेवण. लोकही चांगले आहेत." चांगलं असतं तर मग खात का नाही?

माझा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर. मी ठरवून टाकलं, की इस्पितळाचं जेवण म्हणजे पाणचट, बेचव, आजाऱ्याला आणखी आजारी करणारं; आणि ही माउली भिडेपोटी बोलत नाही. तडक उठले आणि आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीत जाऊन उभी राहिले. माझ्याहून वयाने लहान, कपाळाला विभूती, चष्मा. मी इंग्रजीत पाच मिनिटं तोंडाचा पट्टा चालवला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि आत सांगून माझ्यापुढे एक ताट मागवलं. मऊ पोंगल, त्यात मूगडाळ आणि बेताचं तूप. दुधी भोपळ्याची तिखट नसलेली भाजी, वर खोबरं. घट्ट ताक. शितावरून भाताची परीक्षा करायला मी एक घास घेतला. मग दुसरा. भांडायला गेलेली मी ताट चाटूनपुसून परत आले, आणि सासूबाई मात्र उपाशीच. हा म्हणजे कहरच झाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी मी फोन बंद करून नुसती बघत बसले. बारा-साडेबाराला गाडी आली. वाढणाऱ्या बाईंना सगळा वॉर्ड अक्का म्हणायचा. धिप्पाड, वेणीत कनकांबरं, आवाज मोठा. तिने आईंच्या ताटात डावभर भात घातला, दुसरा डाव उचलला आणि विचारलं, "इन्नुम् कोंजम्, अम्मा?" अजून थोडं? आईंनी हसून मान हलवली, "नको नको." अक्का म्हणाली, "सरी," म्हणजे बरं, आणि पुढच्या खाटेकडे गेली. भाजीचं तेच. ताकाचं तेच. आईंनी तर "पोदुम्" हा शब्दही शिकून घेतला होता. पुरे. तमिळमधला त्यांचा पहिला आणि एकुलता शब्द.

आणि अक्काची पाठ वळल्यावर मी आईंचा चेहरा पाहिला. त्या गाडीकडे बघत होत्या. लग्नात पंगतीत बसलेलं माणूस जिलबीच्या पराती पुढे गेल्यावर बघतं, तसं.

मी कपाळावर हात मारला. अहो, आमच्याकडे पाहुण्याने पहिल्यांदा "नको" म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा "अहो, पुरे हो." तिसऱ्यांदा ताटावर आडवा हात धरायचा, पण बोटं जरा फाकवून. वाढणाऱ्याने त्या फटीतून वाढायचं. मग "काय हे, किती आग्रह!" असं म्हणत सगळं संपवायचं. सासूबाईंच्या लेखी इस्पितळ म्हणजे परक्याचं घर आणि आपण तिथले पाहुणे. त्या नियमाने "नको" म्हणत होत्या आणि पुढच्या आग्रहाची वाट बघत होत्या. आग्रह कुणी करेना. भिडस्तपणाने माणूस मरतं म्हणतात, ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी वजनाच्या काट्याला शिव्या देत होते.

पुन्हा आहारतज्ज्ञ बाई. मी सगळं सांगितलं, हाताची बोटं फाकवूनसुद्धा दाखवली. ती म्हणाली, "आम्हाला शिकवलंय, रुग्णावर जबरदस्ती करायची नाही. मळमळत असतं त्यांना." मी म्हटलं, "ही जबरदस्ती नाही, हा शिष्टाचार आहे. यांना मळमळत नाही, यांना संकोच वाटतोय." ती एकदम खो खो हसत सुटली. तिची आत्या म्हणे लग्नात केळीच्या पानावर दोन्ही हात ठेवून ओणवी व्हायची, आणि पायसम वाढलं नाही की वर्षभर रुसायची. तिने अक्काला बोलावलं. मी अक्काला दोन मराठी शब्द शिकवले: "घ्या हो."

दुसऱ्या दिवशीचा तो सोहळा मी जन्मात विसरणार नाही. आई म्हणाल्या, "नको." अक्काने डाव खाली ठेवलाच नाही. "घ्या हो!" आई दचकल्या. "पुरे, पुरे." "घ्या हो, अम्मा!" आईंचा हात ताटावर गेला, बोटं फाकली, आणि अक्काने त्या फटीतून असा काही नेमका भात सोडला, की जणू जन्मभर आमच्याच पंगतीत वाढत होती. आईंच्या चेहऱ्यावर जे काही उजाडलं ना, ते पाहून मला नाचावंसं वाटलं. "काय बाई, ऐकतच नाही ही," असं म्हणत त्यांनी ताट स्वच्छ केलं.

अक्काला मग चटकच लागली. शेजारच्या खाटेवर जॉर्ज टाउनच्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याची आई होती. तिने "वेण्डाम्" म्हणजे नको म्हटलं की अक्का तिच्यावरही "घ्या हो" सोडायची. म्हातारीला अर्थ कळत नव्हता, पण ती हसायची आणि एक इडली जास्त खायची. ज्यांना खरंच मळमळत असायचं त्यांच्याकडे मात्र अक्का नुसती गोड हसून पुढे जायची. आहारतज्ज्ञ बाईंनी तशी तंबीच दिली होती. दुपारचा आमचा वॉर्ड म्हणजे लग्नघर झालं होतं. काटा हलला, मग चांगलाच हलला. डॉक्टरांनी एके सकाळी मान डोलावली आणि ऑपरेशनचा दिवस ठरला.

ऑपरेशन नीट झालं. पण त्यानंतर आई अगदी मलूल झाल्या. नुसतं सलाईन. डोळे मिटून पडायच्या, बोलायच्या नाहीत, हाक मारली तर पापणी हलायची इतकंच. डॉक्टर म्हणाले, आता तोंडाने खायला लागल्या की निम्मी लढाई जिंकली. मी वरवर हो म्हटलं.

तांदळाची पेज द्यायची परवानगी मिळाली त्या दिवशी नेमकी अक्का रजेवर. भाचीचं लग्न. गाडीवर एक नवीन मुलगी, तिला घाई. तिने अर्धी वाटी पेज दिली. मी चमच्याने भरवली, आईंनी डोळे न उघडताच घेतली. मुलीने विचारलं, "पोदुमा?" आईंचे ओठ सवयीने हलले, "पोदुम्." गाडी निघाली. मी घाईने उठले, तिला गाठून तोच सगळा धडा पुन्हा द्यायला.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"अगं ए पोरी! थांब की जरा! भूक लागलीय मला. अजून वाढ."

अस्सल मिरजेची मराठी, आणि तीही खणखणीत. त्या मुलीला एक शब्द कळला नसेल, पण ती जागच्या जागी थांबली. सगळा वॉर्ड आमच्याकडे बघायला लागला. माझं लग्न झाल्यापासून मी या बाईला सगळ्यांच्या मागून जेवताना पाहिलंय. पातेल्याच्या तळाला उरेल ते घ्यायचं आणि "मला काय, काहीही चालतं" म्हणायचं. आपल्या तोंडाने त्यांनी कधी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. आता त्या डोळे टक्क उघडून, उशीवरून मान उचलून गाडीकडे बघत होत्या.

मुलगी परत आली, तिने वाटी काठोकाठ भरली. मला रडू फुटलं, आवरेचना. एका हाताने डोळे पुसायला गेले, तर दुसऱ्या हातातली वाटी कलली.

"रडतेस काय?" सासूबाई म्हणाल्या. "वाटी धर नीट. सांडेल."