दारात नसलेल्या अक्का

आबांनी मोटरसायकलला किक मारली की आम्ही सगळे दारात गोळा व्हायचो. "हाऊ गऊ नि हाऊ उनू!" असं म्हणत ते निघायचे. गेलो काय आणि आलो काय! गल्लीच्या वळणावर गाडी हळू करून ते हमखास मागे वळून दाराकडे बघायचे. दारात आम्ही सगळे असायचो, फक्त अक्का नसायच्या.

आबा म्हणजे माझे थोरले काका, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. अक्का त्यांची बायको. रजा संपवून आबा परत निघाले की अमळनेर स्टेशनवर निम्मं गाव लोटायचं, आणि अक्का घरी भाकरी थापत बसायच्या. आबा त्यावरून त्यांना आयुष्यभर चिडवत आले. "बठ्ठं गाव टेसनवर उनं, पन मन्ही बायको उनी नही!"

निवृत्तीनंतरही हा माणूस घरी टिकेल तर शपथ! कधी सातपुड्यात पायी भटकंती, तर कधी मोटरसायकलवरून थेट नर्मदेचा काठ. साठी उलटल्यावर एकटेच लडाखला जाऊन आले आणि येताना अक्कांसाठी पिशवीभर जर्दाळू घेऊन आले. पण घरी असले की पुरते घरचे. दोन्ही मुलींच्या जन्माच्या वेळी ते सीमेवर होते. ती सगळी कसर त्यांनी नातवंडांवर भरून काढली. सकाळी अंगणात "फॉलिन!" अशी आरोळी उठायची. धुळ्याचे जावईसुद्धा तोंडात ब्रश धरून रांगेत उभे राहायचे. नखं तपासून झाली की प्रत्येकाच्या हातावर गूळ-शेंगदाणे. अक्का तेवढ्या ओट्यावरून हसत बघायच्या. "बठ्ठा ऐकतस, एकच जवान ऐकत नही," आबा म्हणायचे.

लडाखला ते निघाले त्या सकाळी मी न राहवून स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, "अक्का, एकदा तरी या ना दारात. किती बरं वाटेल त्यांना!" अक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली. त्यांचा धाकटा भाऊही फौजेत होता. "त्याले मीच पोचाडं व्हतं टेसनवर. तो उनाच नही. तव्हयपासून मी कोनले पोचाडत नही." मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तुन्हा आबाले सांगू नको. हसतीन माले."

पुढे धुळ्याला माझी मुलाखत होती. आबा म्हणाले, एसटी कशाला, मी आहे ना! वाटेत चहाला थांबलो तेव्हा मी त्यांना रागावलेच. "कशाला सारखं चिडवता हो अक्कांना? काही कारण असेल त्यांचं." आबांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली.

"माले माहीत शे," ते म्हणाले. "म्हणीसन तं मांगे देखस. ती दारमा नही दिखनी, का मन्हा जीव निवांत व्हस."

इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, बिचारे बायकोला शोधत असतात. एवढं प्रेम इतक्या जवळून बघूनही आम्हाला ते कळलं नव्हतं.

एवढे डोंगर पालथे घालणारे आबा गेले ते अंगणात, सकाळचा चहा घेता घेता. त्या दिवशी खरोखरच सगळं गाव लोटलं. आमच्याकडे बायका दारापर्यंतच येतात. तिरडी उचलली तशा अक्का उंबरा ओलांडून खाली उतरल्या. माझे वडील हात जोडून म्हणाले, "वहिनी, तुम्ही आठेच, दारमाच थांबा."

"का?" अक्का म्हणाल्या. "आते काय परत येतस का तुम्हना भाऊ? मंग पोचाडू द्या माले."

माझे वडील बाजूला झाले. मीही त्यांचा हात धरून निघाले. गल्लीच्या वळणावर आल्यावर मी मागे वळून पाहिलं. दारात अक्का नव्हत्या. त्या आबांच्या मागे चालत होत्या.